कॉस्टेन यांचे अकरा रुग्ण

निखळलेला जबडा कसा बसवावा, हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. इसवी सनापूर्वी १६००च्या सुमाराच्या इजिप्तमधल्या एडविन स्मिथ पपायरसमध्ये अंगठे तोंडात घालून, बोटे हनुवटीखाली धरून खालचा जबडा जागेवर आणण्याची रीत दिली आहे; आजचे डॉक्टरही जवळपास तेच करतात. सुश्रुतसंहिताही हनुसंधी शेकून, बसवून मग बांधायला सांगते. पण निखळलेला जबडा डोळ्यांना दिसतो. जबडा जागेवर असूनही कानापुढे ठणकते, घास चावताना कट्‌ आवाज होतो, जांभई अर्ध्यावर अडते, त्या दुखण्याचे काय? एडिंबरात टॉमस ॲनंडेल यांनी १८८७ मध्ये सांध्यातली सरकलेली चकती टाके घालून बसवली होती, पण असे प्रयत्न तुरळकच राहिले. या दुखण्याला आजार म्हणून व्यापक ओळख मिळाली ती १९३४ मध्ये, आणि त्याच वेळी त्याला एक चुकीचे कारणही चिकटले. त्या कारणाचे ओझे रुग्ण अजून वाहत आहेत, असे माझे मत आहे.

सेंट लुइसचे कान-नाक-घशाचे डॉक्टर जेम्स कॉस्टेन यांनी त्या वर्षी अकरा रुग्णांवर निबंध लिहिला. कानात दडा, कानात आवाज, चक्कर, डोकेदुखी अशा त्यांच्या तक्रारी होत्या. कॉस्टेन यांचा तर्क असा: दाढा पडल्या की जबडा गरजेपेक्षा जास्त मिटतो, त्याचे टोक मागे सरकते आणि कानाजवळच्या नसा दाबते; म्हणून दातांची उंची वाढवावी. शरीररचनेचे अभ्यासक हॅरी सिशर यांनी १९४८ मध्ये ही दाबाची कल्पना खोडून काढली. पण तोवर दुखणे दंतवैद्यांच्या खुर्चीत येऊन बसले होते. तिथे दोष दातांत शोधला जाणे साहजिकच होते. कुणाचे दात घासून चाव जुळवला गेला, कुणाला टोप्या बसवल्या गेल्या.

यावर आक्षेप येतो, की रुग्ण बरे होत होते ना! होत होते. पण कशामुळे? १९७६ मध्ये गुडमन, ग्रीन आणि लास्किन यांनी पंचवीस रुग्णांचे दात घासण्याचा नुसता देखावा केला, चाव होता तसाच ठेवला. तरी सोळा जणांचे दुखणे पूर्ण किंवा जवळपास थांबले. अभ्यास लहान होता, हे मान्य. तरीही ‘बरे वाटले, म्हणून कारण दातच’ हा युक्तिवाद त्यानंतर टिकत नाही. आणि यावरून दुखणे मनाचे खेळ होते असा अर्थ कुणी काढू नये. स्नायूंवरचा ताण, झोपेत दात खाणे, अपुरी झोप, चिंता यांची त्यात सरमिसळ असते. अनेकांचे दुखणे काळाबरोबर ओसरतेही. एकच दोषी शोधण्याची सवय मात्र सुटली नाही. दातांनंतर पाळी आली चकतीची. ती काढून प्रोप्लास्ट-टेफ्लॉनची कृत्रिम चकती बसवण्यात आली. चावण्याच्या दाबाखाली तिचे कण सुटत, शरीर त्यांच्याशी लढताना शेजारचे हाड झिजे. अमेरिकेत १९९१ मध्ये ती परत मागवावी लागली. ज्यांना ती बसवली होती, त्यांतल्या अनेकांचे सांधे कायमचे बिघडले होते.

शस्त्रक्रिया कधीच नको, असे मी म्हणत नाही. सांधा हाडाने जखडला, हाड मोडले किंवा गाठ आली, तर ती लागतेच. शिवाय आपल्याकडे तोंड उघडेनासे झाले, तर सुपारी-गुटख्याने गालाच्या आतली त्वचा आखडली आहे का, हे आधी पाहायला हवे. तो आजार निराळा आणि कर्करोगाकडे नेऊ शकणारा आहे. पण जुनाट सांधेदुखीसाठी ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत वरचे स्थान आहे ते जबड्याच्या व्यायामाला, जाणकाराच्या हाताने स्नायू मोकळे करण्याला, ताण हाताळायला शिकवणाऱ्या समुपदेशनाला आणि रुग्णाला दुखणे नीट समजावून सांगण्याला. चकती काढण्याची शस्त्रक्रिया त्यांत स्पष्टपणे नाकारली आहे. म्हणून कानापुढे दुखते या कारणाने कुणी तुमचे चांगले दात घासायला निघाले, तर एवढे जरूर विचारा: हे नंतर पूर्ववत करता येईल का? उत्तर नाही असे आले, तर आधी दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.