वाढता जबडा आणि पीयूषिका ग्रंथी

हाडांची वाढ थांबून बरीच वर्षे लोटल्यावर खालचा जबडा पुन्हा वाढू लागणे, हे अ‍ॅक्रोमेगॅलीचे ठळक लक्षण होय. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील पिएर मारी यांनी १८८६ मध्ये दोन रुग्णांच्या आधारे या विकाराला हे नाव दिले. असे चेहरे त्याआधीही डॉक्टरांच्या पाहण्यात आले होते. इटलीत आंद्रेआ व्हेर्गा यांनी १८६४ मध्येच त्यांचे वर्णन केले होते. पण हात, पाय, नाक आणि जबडा यांची वाढ हा एकच आजार आहे, हे मारींमुळे स्पष्ट झाले. कारण मात्र त्यांच्या हाती लागले नाही. मेंदूच्या तळाशी असलेली, वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी अशा रुग्णांत मोठी झालेली आढळे. ती इतर अवयवांबरोबर वाढली असावी, असा समज होता. प्रत्यक्षात उगम तिथेच होता. १९०९ मध्ये हार्वे कुशिंग यांनी एका रुग्णाच्या ग्रंथीचा काही भाग काढला आणि त्याची लक्षणे कमी झाली. १९२१ मध्ये इव्हान्स आणि लाँग यांनी ग्रंथीचा अर्क टोचून उंदीर अवाढव्य वाढवून दाखवले.

तोंडातील बदल इतके सावकाश होतात की घरच्यांनाही ते जाणवत नाहीत. पीयूषिका ग्रंथीतून जास्त स्रवणाऱ्या वाढीच्या संप्रेरकामुळे जबड्याच्या सांध्याजवळची कूर्चा पुन्हा वाढू लागते. जबडा पुढे सरकतो, खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येतात, दातांमध्ये फटी पडतात. जीभ फुगते आणि तिच्या कडांवर दातांचे ठसे उमटतात. वर्षानुवर्षे चपखल बसणारी कवळी बसेनाशी होते. नवी करून घेतली तरी काही काळाने तीच तक्रार. म्हणून अंगठी घट्ट झाली का, चपलेचा नंबर वाढला का, हे दंतवैद्याने विचारलेच पाहिजे.

या आजाराची खूण एक्स-रेतही दिसू शकते. १९३१ मध्ये अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफ्राट यांनी डोक्याचा बाजूने प्रमाणित एक्स-रे काढण्याची पद्धत मांडली. वेडेवाकडे दात सरळ करणारे डॉक्टर आजही त्यावर मोजमापे घेतात. गंमत म्हणजे त्यातला एक मुख्य बिंदू पीयूषिका ग्रंथी ज्या हाडाच्या खोबणीत असते तिथलाच. ग्रंथीत गाठ होऊन ती वाढली की ही खोबण रुंदावलेली दिसू शकते.

जबड्याची शस्त्रक्रिया संप्रेरक आटोक्यात आल्यावरच करतात, नाहीतर जबडा पुन्हा वाढतो. मोठ्या जिभेमुळे भूल देताना श्वासनलिकेत नळी घालणेही अवघड जाते. त्याची तयारी आधीच ठेवावी लागते.