सिकल सेल : ‘वाहक’ आणि ‘रुग्ण’ यांत नेमका फरक काय?

रक्त तपासणीच्या रिपोर्टवर ‘एएस’ लिहून आलं की अनेक घरांत घबराट होते. मुलीचं लग्न जमेल का, हा प्रश्न लगेच विचारला जातो. पण ‘एएस’ असलेली व्यक्ती आजारी नसते. हे समजून घ्यायचं तर आधी जनुकाकडे वळावं लागेल.

एका अक्षराचा बदल

आपल्या तांबड्या रक्तपेशींमधलं हिमोग्लोबिन हे प्रथिन शरीरभर ऑक्सिजन पोहोचवतं. ते कसं बनवायचं याची सूचना जनुकात असते. त्याच्या बीटा साखळीत 146 अमिनो आम्लं असतात. सिकल सेलमध्ये त्यांतलं फक्त सहावं बदलतं : ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं. त्यामागे डीएनएमधल्या एका अक्षराचा बदल असतो.

या बदलामुळे ऑक्सिजन कमी झाला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकडी होते. इंग्रजीत ‘सिकल’ म्हणजे विळा. अशा कडक पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, त्यामुळे असह्य वेदना होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, विळ्याच्या आकाराची जेमतेम 10 ते 20 दिवस. म्हणून रक्त कमी पडतं.

मग वाहक कोण?

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेली. दोन्ही निरोगी असतील तर ‘एए’, एकच सदोष असेल तर ‘एएस’ म्हणजे वाहक, दोन्ही सदोष असतील तर ‘एसएस’ म्हणजे रुग्ण. वाहकाची निरोगी प्रत पुरेसं चांगलं हिमोग्लोबिन बनवते, त्यामुळे त्याला सहसा काही त्रास होत नाही. वाहकाचा पुढे रुग्णही होत नाही.

आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता 25 टक्के, वाहक असण्याची 50 टक्के आणि निरोगी असण्याची 25 टक्के असते. ‘पहिलं मूल रुग्ण आहे, आता पुढची तीन सुरक्षित’ हा समज चुकीचा आहे. दर वेळी हिशोब नव्याने सुरू होतो. एकच जोडीदार वाहक आणि दुसरा ‘एए’ असेल, तर मूल ‘एसएस’ होत नाही.

हे जनुक टिकलं कसं?

वाहकांना गंभीर मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. त्यामुळे जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता, तिथे हे जनुक टिकून राहिलं. महाराष्ट्रात गडचिरोली, नंदुरबार, मेळघाट आणि विदर्भाच्या इतर भागांत ते अधिक आढळतं.

तपासणी कधी करावी?

शक्यतो लग्नाआधी. प्राथमिक सोल्युबिलिटी चाचणीतून वाहक की रुग्ण हे कळत नाही, त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी लागते. दोघेही वाहक निघाले तर समुपदेशन घेता येतं, गर्भाचीही तपासणी करता येते. रुग्णांना हायड्रॉक्सियुरिया या औषधाने वेदनांचे झटके कमी करता येतात.

केंद्र सरकारने 1 जुलै 2023 रोजी सिकल सेल निर्मूलन अभियान सुरू केलं. त्यात 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट आहे. मात्र ‘एएस’ म्हणजे कलंक नाही, हे घरोघरी पोहोचलं, तरच लोक न घाबरता तपासणीला पुढे येतील.