न झोंबणारी मिरची

सिमला मिरचीला वणीकडे कुणी मिरची म्हणून मोजतच नाही. मिरची म्हणजे भिवापुरी, नाकातोंडातून पाणी काढणारी! सिमला मिरची बिचारी नुसती भाजी, आणि तीही 'विंग्रजी'. जुनी मंडळी तर तिला सरळ हायब्रीड म्हणून मोकळी होतात.

आता गंमत बघा. दोघी एकाच जातीच्या, कॅप्सिकम ॲन्युअम. दोघींचं माहेर मेक्सिकोकडचं. 1492 साली कोलंबस निघाला काळ्या मिरीच्या शोधात आणि त्याला सापडली मिरची. पुढे सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ती आपल्या किनाऱ्यावर उतरवली. 1290 मध्ये ज्ञानेश्वरी लिहिली गेली तेव्हा महाराष्ट्रात एकही मिरची नव्हती! तिखटाला मिरी, पिंपळी, आलं. नव्या पाहुणीला आपण मिरीवरूनच नाव दिलं आणि चार-पाचशे वर्षांत ती इतकी घरची झाली, की तिच्याच बहिणीला आपण परकी म्हणतो.

बरं, ढोबळा आकारही काही प्रयोगशाळेत जन्मला नाही. लायोनेल वेफर नावाच्या दर्यावर्दीने 1699 च्या पुस्तकात पनामाकडच्या 'बेल पेपर'चा उल्लेख केलाय. आपल्याकडे ती इंग्रजांबरोबर आली, सिमल्याच्या थंड हवेत रुजली म्हणून सिमला मिरची, असं सांगतात. त्या काळात यवतमाळ जिल्ह्याचं नावच वणी जिल्हा होतं. 1905 ला ते बदललं.

मग ती तिखट का नाही? 2005 मध्ये याचं नेमकं उत्तर मिळालं. तिखटपणा आणणारं कॅप्सेसिन तयार व्हायला एक जीन लागतो. सिमला मिरचीत त्या जीनचा सुरुवातीचाच तुकडा उडालाय. आमच्या भाषेत, फंक्शन आहे पण कॉलच होत नाही. आणि एवढ्याशा डिलीटमुळे तिचं मिरचीपण आपण नाकारतो!

वणीच्या उन्हाशी मात्र तिचं खरंच जमत नाही. पारा पस्तिशीवर गेला की फुलं गळतात, आणि इथे मे महिन्यात पंचेचाळीस. म्हणून सप्टेंबरात रोप टाकायचं, महिन्या-सव्वा महिन्याने लावायचं आणि फळ थंडीत घ्यायचं, किंवा शेडनेट. हिरवं फळ झाडावरच ठेवलं तर वाणाप्रमाणे लाल किंवा पिवळं होतं. मॉलमधली ती महागडी रंगीत मिरची म्हणजे तेच, जास्त दिवस झाडावर राहिलेलं फळ.

भाजी पीठ पेरूनच करा. तेलात मोहरी, जिरं, हळद, मग मिरचीच्या फोडी. मीठ घालून अर्धवट शिजू द्या. वरून बेसन भुरभुरवा, थोडं तेल सोडा, झाकण ठेवून वाफ काढा. पीठ घालताना विदर्भातला माणूस चमचाभर लाल तिखट टाकतोच. म्हणजे मिरचीच्या भाजीला वरून मिरची! शेवटी मूठभर सांबार (पुणेकरांनो, कोथिंबीर हो) आणि सोबत ज्वारीची भाकर.