आजोबांची वही आणि बॅलार्ड पियरचे रूळ



आमच्या घरी एक गोष्ट लहानपणापासून सांगितली जात असे. आमचे आजोबा मुंबईच्या गोदीत रेल्वेच्या कामावर होते आणि 1912 साली बॅलार्ड पियरच्या फलाटावरून पहिली पंजाब मेल सुटली तेव्हा ते तेथे हजर होते. बाबा ही गोष्ट पेसाहच्या सेदरनंतर सांगत. आम्ही भावंडे ती ऐकत मोठी झालो आणि आलिया करून इस्राएलला आलो तेव्हा ती बरोबर घेऊन आलो. एक भाऊ लोदला, जेथे 1892 पासून रेल्वे आहे. एक बहीण अश्दोदला, जेथे 1965 साली नवे बंदर सुरू झाले. रेल्वे आणि बंदर आमच्या नशिबी असेच वाटून आलेले.

दोन वर्षांपूर्वी नातवाला शाळेत घराण्याचा इतिहास लिहायचा होता. त्याने विचारले, "सबा, ते स्टेशन नकाशात दाखवा." आम्हाला दाखवता येईना. मग आम्ही दोघांनी ठरवले की हे स्टेशन कोठे होते, त्याचे रूळ कोठून कोठे जात आणि आजोबा तेथे नक्की काय करीत होते, हे शोधून काढायचे. हातात तीन गोष्टी होत्या: मुंबईचे वेगवेगळ्या काळांतले नकाशे, जुन्या वेळापत्रकांची थोडी माहिती आणि आजोबांची 1929 ची एक वही.

आधी एक घोळ दूर करतो, कारण तो आमचाही झाला होता. हार्बर लाईन वेगळी आणि गोदीची रेल्वे वेगळी. हार्बर लाईन जी. आय. पी. कंपनीची, कुर्ला ते रे रोड ती 1910 साली सुरू झाली आणि 3 फेब्रुवारी 1925 रोजी तिच्यावरूनच बोरीबंदर ते कुर्ला अशी हिंदुस्थानातली पहिली विजेची गाडी धावली. गोदीची रेल्वे मात्र बॉम्बे पोर्ट ट्रस्टची स्वतःची. तिचे इंजिन वेगळे, नोकर वेगळे. दक्षिणेला बॅलार्ड पियर आणि उत्तरेला वडाळा, मधले अंतर सुमारे दहा किलोमीटर. वडाळ्याच्या यार्डात बाहेरच्या रेल्वेकडून वाघिणी ताब्यात घ्यायच्या आणि भरलेल्या किंवा रिकाम्या परत द्यायच्या, असा तिचा व्यवहार.

ही रेल्वे 1 जानेवारी 1915 रोजी सुरू झाली. ही तारीख वाचली आणि आम्ही दोघे एकमेकांकडे पाहतच राहिलो. ज्या अलेक्झांड्रा डॉकच्या शेजारी हे स्टेशन, तो डॉक 1914 साली उघडला. त्याच्या खोदकामातली माती टाकून बॅलार्ड इस्टेटची जमीन तयार झाली. मग 1912 साली त्या फलाटावरून मेल कशी सुटणार? पंजाब मेलच्या इतिहासात हे वाक्य आजही छापले जाते, पण रुळांच्या तारखांशी त्याचा मेळ बसत नाही. आमच्या घरची गोष्ट तेथेच डळमळली.

बहीण म्हणाली, "आता राहू दे. बाबा गेले, आजोबा गेले. कोणाचे काय बिघडले?" पण नातवाच्या वहीत खोटे लिहायचे कसे? म्हणून आम्ही आजोबांची वही पुन्हा उघडली.

त्या वहीत रकाने आहेत: वाघिणीचा नंबर, मालाची खूण, गासड्या किंवा पोती, सील शाबूत की तुटलेले, आणि शेवटी ठिकाण. ठिकाण दोन-तीन अक्षरांत लिहिलेले: "वडा.", "कॉ. डे.", "अ. डॉ.", "व्हि. डॉ.", "धा. डे." इतकी वर्षे आम्ही ती अक्षरे हिशेबाची खूण समजत होतो. नकाशा शेजारी ठेवला आणि वहीला वाचा फुटली.

उत्तरेकडून सुरुवात करू. "वडा." म्हणजे वडाळा. वऱ्हाड-खानदेशातून कापूस घेऊन आलेली गाडी येथे फोडली जाई. कोणती वाघीण कोणत्या आगाराला, कोणती कोणत्या गोदीला, हे ठरवून सांधेवाले तिला त्या त्या रुळावर घालीत. मग पोर्ट ट्रस्टचे इंजिन ती ओढून नेई.

वडाळ्याच्या दक्षिणेला शिवडी. "कॉ. डे." म्हणजे कॉटन डेपो. पूर्वी कापसाचा बाजार कुलाब्याला होता. 1920 नंतरच्या काही वर्षांत तो शिवडीला भरणी केलेल्या जमिनीवर आला. कॉटन ग्रीन हे स्टेशनचे नाव त्यातूनच आले. कापूस म्हणजे आगीचे घर, म्हणून त्याची वस्ती शहरापासून दूर, आणि गोदामांच्या रांगांमध्ये मोकळे रस्ते आणि रूळ. त्याच्याही खाली "धा. डे.", म्हणजे धान्याचे आगार.

येथे आम्हाला एक युक्ती सापडली. या किनाऱ्याची जुनी नावेच मालाची यादी आहेत. दाणाबंदरात दाणा, लकडी बंदरात लाकूड, कोळसा बंदरात कोळसा, आणि दारूखान्यात तोफेची दारू. कर्नाक बंदर आणि वाडी बंदर येथे जी. आय. पी. कंपनीची मालाची आगारे होती, म्हणजे ती पोर्ट ट्रस्टची नव्हेत. आज वाडी बंदरला प्रवासी गाड्यांची देखभाल होते. आणि या सगळ्यांच्या मध्ये मशीद बंदर. मांडवीत सामुएल एझिकेल दिवेकरांनी 1796 साली शाआर हाराहामिम बांधली. आपली माणसे सिनेगॉगला मशीद म्हणत, आणि त्या "जुन्या मशिदी"वरूनच स्टेशनाला नाव पडले, असे आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. म्हणजे मालाच्या नावांच्या या माळेत एक मणी आपला.

त्याच्या पूर्वेला, फ्रेअर रोडच्या पलीकडे, ज्याला आता पी. डिमेलो रोड म्हणतात, गोदीची लांबच लांब भिंत. आत तीन डॉक: उत्तरेला 1880 चा प्रिन्सेस, मध्ये व्हिक्टोरिया, दक्षिणेला सर्वांत मोठा अलेक्झांड्रा. भिंतीला रंगांच्या नावांची दारे: ग्रीन गेट, रेड गेट, यलो गेट, ऑरेंज गेट. आपल्या कितीतरी माणसांनी आयुष्यभर याच दारांतून ये-जा केली.

डॉकच्या आत रूळ कसे असत? धक्क्याच्या कडेला एक रूळ, म्हणजे यारीने उचललेला माल जहाजातून थेट वाघिणीत टाकता येई. त्यामागे मालाची शेड, आणि शेडच्या पाठीमागे आणखी रूळ. ज्या मालाची मोजदाद किंवा जकात व्हायची असे तो शेडमध्ये उतरे, मग पाठीमागच्या रुळावर भरला जाई. मुदतीत उचलला नाही तर डॅमरेज चढे. आजोबांचे काम या पाठीमागच्या रुळावर. गासडीवरची खूण वाचायची, बिल्टीशी ताडून पाहायची, सील तपासायचे, वहीत लिहायचे. एक गासडी कमी निघाली तर जाब यांना. बाबा सांगत की आजोबा घरी जेवायला बसले तरी भाकऱ्या मोजत. आम्हाला तेव्हा हसू येई.

मग मुंबईला गेलो तेव्हा हे सगळे बाहेरून पाहिले. आत जायला परवानगी लागते, पण भिंतीबाहेरूनही बरेच कळते. गोदाम चौकोनी असायला हवे आणि त्याचा एक कोपरा गोल कापलेला दिसला, तर समजावे की तेथून रूळ वळत होता. आगगाडीला काटकोनात वळता येत नाही; इमारतीलाच तिला वाट द्यावी लागते. रस्ता ओलांडून जाणारा आणि डांबरात अर्धा बुडालेला रूळ दिसला की दोन्ही बाजूंना पाहायचे, त्याची दिशा कळते. अशा खुणा आम्ही जुन्या नकाशावर पेन्सिलीने मांडल्या. बहुतेक जुळल्या.

प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया डॉक मात्र आता पाहायला मिळायचे नाहीत. ते दोन्ही भरून टाकून तेथे कंटेनर ठेवायची जमीन केली आहे. 1989 साली न्हावाशेवा बंदर सुरू झाले, कंटेनरचा व्यवहार खाडीपलीकडे गेला, आणि गोदीच्या वाघिणींचे दिवस सरले. जेथे आजोबा उभे राहत ते रूळ आज फक्त कागदावर आहेत.

राहिले बॅलार्ड पियर. वहीत ऑक्टोबर महिन्यात दोन-तीन ठिकाणी "मो." असे आहे आणि पुढे "टपाल व सामान". गासड्या नाहीत, पोती नाहीत. आम्ही पुष्कळ दिवस अडलो. मग लक्षात आले की त्या स्टेशनाचे पूर्ण नाव बॅलार्ड पियर मोल. विलायतेची आगबोट धक्क्याला लागली की उतारूंनी थोडे चालून गाडीत बसावे, एवढ्यासाठी ते बांधलेले. शहरातल्या माणसाला त्याचे काम नसे. आगबोट आली की स्टेशन जागे, नाही तर निजलेले.

बी. बी. सी. आय. कंपनीने 1 सप्टेंबर 1928 रोजी मुंबई ते पेशावर फ्रंटियर मेल सुरू केली. एरवी ती कुलाब्याहून सुटे, आणि कुलाबा स्टेशन 1930 च्या अखेरीस बंद झाल्यावर बॉम्बे सेंट्रलहून. पण सप्टेंबर ते डिसेंबर या महिन्यांत, आगबोटींनी साहेबलोक परत येत तेव्हा, ती बॅलार्ड पियर मोलहून सोडत. गोदीच्या रुळांवरून उत्तरेला वडाळ्यापर्यंत, मग माहीमकडच्या जोडमार्गाने स्वतःच्या कंपनीच्या लाईनवर, असा तिचा रस्ता. कापसाच्या वाघिणी बाजूला उभ्या राहत आणि मेल पुढे जाई.

वहीचे साल 1929, महिना ऑक्टोबर. आमचा तर्क असा की आजोबांनी फ्रंटियर मेल पाहिली, तिच्यात टपाल आणि सामान चढताना मोजले. पंजाब मेलही पेशावरला जाई, हीही पेशावरला. घरात गोष्ट सांगता सांगता एका गाडीचे नाव दुसरीला लागले आणि साल मागे सरकले. आजोबा खोटे बोलले नव्हते. आम्ही नीट ऐकले नव्हते.

आणखी एक तारीख आहे, ती मात्र घरात कोणी चुकले नाही. 14 एप्रिल 1944. त्या दिवशी व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन जहाज उभे होते, पोटात कापूस, दारूगोळा आणि सोन्याच्या विटा. दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. शेडी, रूळ, वाघिणी, आसपासची वस्ती, सगळ्याची राख. आजोबांची नेमणूक तेव्हा "व्हि. डॉ." वर होती. पण तो शुक्रवार पेसाहचा सातवा दिवस होता. त्यांनी सणाची रजा घेतली होती आणि ते घरी होते. बाबा सांगत की खिडक्या फुटल्या तेव्हा आजोबा उठून उभे राहिले आणि त्या पाळीला कामावर असलेल्या सोबत्यांची नावे एकेक करून म्हणू लागले. त्यांत हिंदू होते, मुसलमान होते, ख्रिस्ती होते. पुढे दरवर्षी पेसाहच्या सातव्या दिवशी ते ती नावे मनात मोजत, पण मोठ्याने कधी बोलले नाहीत.

आम्ही पंचांग काढून पाहिले. 5704 साली निसानची एकवीस तारीख 14 एप्रिललाच आली होती. ही गोष्ट खरी निघाली.

नातवाने आपल्या वहीत नकाशा काढला: वडाळा, कॉटन डेपो, तीन डॉक, मोल. पंजाब मेल खोडली आणि फ्रंटियर मेल लिहिली. व्हिक्टोरिया डॉकच्या पाठीमागच्या रुळावर त्याने एक टिंब दिले आणि हिब्रूत खाली लिहिले, "येथे माझ्या आजोबांचे आजोबा मोजत असत."

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांचे वडील, काका, मामा पोर्ट ट्रस्टमध्ये किंवा रेल्वेत होते. ते कोणत्या गेटने आत जात, कोणत्या शेडवर होते, कोणता माल पाहत, एवढे आठवत असेल तर मुलांना आजच सांगा आणि आम्हालाही लिहून कळवा. आमच्या नकाशावर अजून पुष्कळ जागा कोऱ्या आहेत.