अभावणी

अभावणी हा शब्द आता रत्नागिरीतही फारसा कुणाच्या तोंडी राहिलेला नाही. मी तो माझ्या दोन्ही आजोबांकडून ऐकला. वडिलांचे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणत असू, खोताचे कूळ होते. आईचे वडील, म्हणजे नाना, दुसऱ्या एका गावच्या खोतीतले छोटे हिस्सेदार. आमच्या जिल्ह्यात खोत ब्राह्मण होते, मराठे होते, मुसलमानही होते. कुळांतही सगळे आले, कुणबी, महार, भंडारी आणि मुसलमान. तेव्हा एका आजोबांनी अभावणी केली आणि दुसऱ्यांनी ती सोसली, अशा घरात माझा जन्म झाला.

भात पिवळे पडू लागले की खोत किंवा त्याचा कारकून बांधावर येई. उभ्या पिकाकडे बघून तो आकडा सांगे. या कुणग्यात इतके मण, त्या कुणग्यात इतके. हीच अभावणी. त्या आकड्याच्या निम्मे भात खोताचे. वरकस जमिनीवर नाचणी-वरी असेल तर बहुधा तिसरा हिस्सा. पुढे कापणीच्या वेळी पाऊस आला, डुकरे शिरली, दाणा पोचट निघाला, तरी निम्मे घ्यायचे ते बांधावर ठरलेल्या आकड्याचे. शिवाय वेठ वेगळी. नाना सांगत, "अभावणीला नजर लागते, ते येऱ्यागबाळ्याचे काम नव्हे." दादांना विचारले, त्या वेळी तुम्ही कुठे असायचात? म्हणाले, "तिथंच, बांधावर. पण आमाला कोन इचारतो?"

मंडळी, या चार शब्दांभोवतीच मला आज बोलायचे आहे. गरिबाच्या ताटातले किती आणि कोणाचे, हे ठरत असताना तो तिथेच उभा असतो. त्याला विचारण्याची रीत मात्र नसते. ही रीत पाडण्यासाठी याच कोकणात मोठी धडपड झाली, आणि ती आपण जवळजवळ विसरलो आहोत.

इंग्रज सरकारने १८८० साली रत्नागिरीच्या खोतीसाठी खास कायदा केला. खोताचे हक्क काय, कुळाचे काय, कुणाकडून किती घ्यायचे, हे सारे त्यात बांधले गेले. त्याआधी कित्येक वर्षे वाद, अर्ज, चौकश्या चालू होत्या. खोतांकडे वकील होते, इंग्रजी लिहिणारे सुशिक्षित होते. पुढे १८९९ च्या सुमारास कायद्यात दुरुस्तीची गोष्ट निघाली तेव्हा 'केसरी'ने खोतांची बाजू लावून धरली. लोकमान्य याच रत्नागिरीत जन्मले, त्यांचे घराणे दापोली तालुक्यातल्या चिखलगावचे खोत. त्यांच्याविषयी मला आदर आहे, म्हणूनच हे लपवून ठेवणे मला बरे वाटत नाही. कुळांची बाजू घेणारे थोडे होते, बहुतेक सरकारी अंमलदार. कुळाने स्वतः जाऊन 'माझे असे आहे' म्हणावे, अशी जागाच कुठे नव्हती.

ती जागा हळूहळू तयार झाली. एप्रिल १९२९ मध्ये चिपळूणला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. खोतीखालच्या कुळांचे दुःख तिथे उघड्यावर आले. १९३३ साली तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, अलिबागजवळच्या चरी गावी, नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली शेतकऱ्यांनी संप पुकारला. जमीन कसायचीच नाही, असा संप. पाच-सहा वर्षे तो चालला. कसणाऱ्याने स्वतःचेच शेत ओसाड ठेवायचे म्हणजे काय, हे ज्याच्या घरात भाताची कणगी आहे त्यालाच कळेल. त्या माणसांनी काय खाऊन दिवस काढले असतील, या विचाराने मी कितीदा अडखळलो आहे. रानातले लाकूड विकून आणि मिळेल ती मजुरी करूनच ना?

आणि मग १९३७. त्या वर्षी प्रांतिक निवडणुका झाल्या. मत कुणाला होते? जो शेतसारा भरतो, ठरावीक घरभाडे देतो, ज्याचे काही शिक्षण झाले आहे, अशांना. सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात मिळून लोकसंख्येच्या साधारण सातव्या हिश्श्याला. आमच्या दादांसारख्यांचे नाव मतदारयादीत असण्याचा प्रश्नच नव्हता. आंबेडकरांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढे आणि पुढच्या वर्षीच्या आपल्या स्वतंत्र अहवालात प्रौढ स्त्री-पुरुष सर्वांना मत मागितले होते. निरक्षराला मत कळत नाही, हा त्या काळचा नेहमीचा आक्षेप त्यांना मान्य नव्हता. मला वाटते, खोताच्या बांधावर उभ्या असलेल्या माणसाला आपला फायदा-तोटा कळतो की नाही, हे ज्याने पाहिले आहे त्याला तो आक्षेप मान्य होणारच नाही.

मताचा हक्क इतका तोकडा असतानाही त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष निवडून आला. अनंतराव चित्रे, शामराव परुळेकर यांच्यासारखी माणसे कायदेमंडळात गेली. १७ सप्टेंबर १९३७ रोजी आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोताला वाजवी भरपाई द्यावी, प्रत्यक्ष कसणाऱ्याला जमिनीचा हक्क द्यावा आणि त्याने सारा थेट सरकारात भरावा, असा त्याचा सरळ आशय.

विधेयक पुढे सरकेना. तेव्हा १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातले आणि इतर जिल्ह्यांतले शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चाने गेले. वीस हजारांच्या आसपास माणूस होता. दादा तेव्हा बोटीवर खलाशी होते आणि नेमके त्या आठवड्यात मुंबईत उतरले होते. गावचे कुणबी, खांद्यावर घोंगडी, कमरेला पंचा, मुंबईच्या डांबरी रस्त्यावरून अनवाणी चालताहेत, हे त्यांनी पाहिले. ते स्वतः मोर्चात गेले का, असे मी विचारले तर हसले. "थोडा वेळ गेलो. ओळखीचे दिसले ना!" एवढेच. मला त्यांची ही कबुली फार आवडते. पुढाऱ्यांचे शिष्टमंडळ बाळासाहेब खेर यांना भेटले. मुंबई प्रांताचे हे मुख्यमंत्री. त्या वेळी त्या पदाला पंतप्रधान म्हणत. तेही जन्माने रत्नागिरीचेच! म्हणजे त्या दिवशी दाराबाहेर आणि दाराआत, दोन्हीकडे कोकणच होते.

ज्यांना मत नव्हते ती माणसे कायदा होतो त्या दारापर्यंत चालत आली, हे मला विधेयकाहून मोठे वाटते. आज गरिबांना धोरणात सहभागी करून घ्यावे म्हणून ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराचे नाव घेतले जाते. तिथे १९८९ पासून वस्तीतल्या लोकांनी शहराच्या अंदाजपत्रकावर बसून चर्चा केली. केरळने १९९६ साली आपल्या पंचायतींत तसा प्रयोग केला. चांगलेच आहे ते. पण आमच्या कुळांनी त्याच्या अर्धशतक आधी, कुणी बोलावले नसताना, आपले म्हणणे नेऊन दिले होते.

विधेयक कायद्यात उतरले नाही. १९३९ च्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळानेच राजीनामा दिला. खोती गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्याने. अंमल १९५० च्या मे महिन्यात सुरू झाला. मग कूळकायदा, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषिदिन. त्या दिवसापासून कसणारे कूळ जमिनीचे खरेदीदार मानले गेले.

कागदावर इथे गोष्ट संपते, आमच्या घरात मात्र ती संपली नाही.

कूळ खरेदीदार झाले तरी जमिनीची किंमत ठरवायला चौकशी व्हायची होती. कुळाने हजर राहून 'मला जमीन घ्यायची आहे' असे सांगायचे. तो आला नाही, किंवा 'नको' म्हणाला, तर खरेदी निष्फळ. कायदा करणाऱ्यांनी कुळाला विचारण्याची सोय केली होती, हे खरे. पण विचारायचे कुठे, कुणासमोर आणि कोणत्या भाषेत, याचा विचार कुणी केला? दादांच्या नावाची नोटीस आली तेव्हा ते समुद्रावर होते. दादी शेजारच्या काकांना घेऊन कचेरीत गेली. आयुष्यात पहिल्यांदा. खोलीत खोताचा कारकून बसला होता, ज्याच्या ओटीवरून तिला दुसऱ्या दिवशी चालायचे होते. साहेबांनी काही विचारले. दादी पदर तोंडाशी धरून उभी राहिली. जमीन दादांच्या नावे, दादा गैरहजर. आमचे दोन कुणगे होते, त्यातला मोठा गेला.

असे आमच्याच घरी झाले नाही. वि. म. दांडेकर आणि गो. ज. खुदनपूर यांनी मुंबई राज्यातल्या कूळकायद्याची पाहणी केली, ती १९५७ साली प्रसिद्ध झाली. कुळांनी राजीखुशीने जमिनी सोडल्याची जी नोंद होती, तिच्यातल्या बऱ्याच राजीखुशीवर विश्वास ठेवता येत नाही, असे त्यांना आढळले. जमीन सोडण्याच्या त्या कागदाला आपल्याकडे 'राजीनामा' म्हणत. काय शब्द आहे! राजी आणि नामा. पुढे १९७१ मध्ये याच दांडेकरांनी नीळकंठ रथांबरोबर भारतातल्या दारिद्र्यावर तो गाजलेला अभ्यास लिहिला.

नाना गेले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत अभावणीची एक वही मिळाली. मोडीत होती, आमच्यापैकी कुणाला वाचता आली नाही. मामाने ती जपून ठेवली आहे.

अभावणी गेली असे मला वाटत होते. मग २००२ सालची दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांची पाहणी आली. तेरा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण बावन्न. घर कसे, जमीन किती, माणशी कपडे किती! आमच्याकडे जांभा पायाखाली मिळतो, त्यामुळे गरिबाच्या भिंतीही चिऱ्याच्या असतात. बाहेरून बघणाऱ्याला पक्के घर दिसते. २०११ च्या पाहणीनंतर ती गुणांची पद्धत मागे पडली, पण मध्यंतरी कित्येकांची रेशनकार्डे आणि घरकुले तिच्यावर अडली.

गावच्या ग्रामसभेत यादी वाचून दाखवली तेव्हा मी हजर होतो. आमच्या मोहल्ल्यातल्या एका विधवा बाईंचे नाव त्यात नव्हते. ग्रामसभेत बायका मागे बसत, बोलत नसत. त्या उठल्या. म्हणाल्या, "माझे कपडे मोजून नेलेत. ते रमजानात जकातीत मिळालेत. कुनी दिले ते पन लिवा."

आधी हशा पिकला. मग कुणी हसेना. ग्रामसेवक तरुण होता, भला होता. त्याने फॉर्म उलटसुलट करून पाहिला. कपडे कुणी दिले, असा रकाना त्यात नव्हता. त्याने माझ्याकडे पाहिले, मी कविता लिहितो एवढेच त्याला माहीत. "सर, हे कुठे लिहू?" मी म्हटले, शेरा लिहायला जागा आहे का बघा. कडेला बोटभर जागा होती. बाई पुढे येऊन त्याच्या टेबलाशी उभ्या राहिल्या, आणि त्याने एकेक शब्द मोठ्याने म्हणत तिथे लिहिला.