मूळ पाठाचे मोल

१९८२ साली स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘ई. टी.’ हा चित्रपट अमेरिकेत प्रदर्शित झाला. पृथ्वीवर एकाकी मागे राहिलेला एक परग्रहवासी आणि त्याला आसरा देणारा एलियट नावाचा मुलगा यांची ही कथा. १९८८ मध्ये तिची व्हिडिओ कॅसेट निघाली आणि ती घरोघरी बसून पुनःपुन्हा पाहिली जाऊ लागली.

पुढे २००२ साली, विसाव्या वर्षाच्या निमित्ताने, स्पीलबर्ग यांनी चित्रपटात काही फेरफार केले. परग्रहवासीयाला घेऊन सायकलींवरून निसटणाऱ्या मुलांचा पाठलाग करणाऱ्या सरकारी माणसांच्या हातांतील बंदुका संगणकाच्या साहाय्याने पुसल्या गेल्या व त्या जागी वॉकीटॉकी आले. हेतू सदय होता; परंतु संकट सौम्य होताच मुलांच्या धैर्याचे मोलही उणावले. २०१२ च्या ब्लू-रे आवृत्तीत बंदुका परतल्या, आणि हा बदल करावयास नको होता, असे २०२३ मध्ये स्वतः स्पीलबर्ग यांनी जाहीरपणे सांगितले.

मधल्या दहा वर्षांत मूळ पाठाची साक्ष घरच्या कपाटातील जुन्या कॅसेटींनीही जपली होती. कृती कर्त्याची असली, तरी तिचा काळ त्याच्या एकट्याच्या मालकीचा नसतो.