लघु समुद्रघोड्यांचे मत्स्यालय

लघु समुद्रघोड्यांचे मत्स्यालय म्हणजे हिप्पोकॅम्पस झोस्टेरी या अतिशय लहान समुद्रघोड्याच्या संगोपनासाठी तयार केलेली खाऱ्या पाण्याची छोटी टाकी होय. पूर्ण वाढलेला लघु समुद्रघोडा साधारणपणे दोन ते अडीच सेंटिमीटर उंचीचा असल्याने त्यासाठी २० ते ४० लिटर पाण्याची टाकी पुरेशी ठरते. टाकी लहान असली तरी तिची निगा मात्र सोपी नसते. थोड्या पाण्यात लवणता व तापमान झपाट्याने बदलते आणि या माशाला दिवसातून अनेकदा जिवंत अन्न द्यावे लागते. भारतात समुद्रघोडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित आहेत. त्यामुळे घरगुती हौसेसाठी ते पकडणे, विकत घेणे वा बाळगणे हा गुन्हा आहे.

प्रजातीची ओळख

समुद्रघोडा हा सिंग्नॅथिडी कुलातील अस्थिमत्स्य आहे. मराठीत त्यास घोडा मासा असेही म्हणतात. पाणघोडा हा सस्तन प्राणी असून त्याचा समुद्रघोड्याशी संबंध नाही. लघु समुद्रघोड्याचे शास्त्रीय वर्णन डेव्हिड स्टार जॉर्डन व चार्ल्स हेन्री गिल्बर्ट यांनी १८८२ साली केले. झोस्टेरा या सागरी गवताच्या प्रजातीवरून त्याला झोस्टेरी हे नाव मिळाले. मेक्सिकोचे आखात, फ्लोरिडा व बहामा बेटे येथील उथळ पाण्यातील सागरी गवताची कुरणे हा त्याचा अधिवास आहे. ही प्रजाती भारतीय समुद्रात आढळत नाही.

समुद्रघोडा पाठीवरील पर हलवून उभ्या स्थितीत पोहतो आणि शेपटीने गवताच्या पात्याला विळखा घालून स्थिर राहतो. लघु समुद्रघोडा हा सर्वांत मंदगती मासा मानला जातो; त्याचा वेग ताशी सुमारे दीड मीटर इतका नोंदविला आहे. असे असूनही तो कोपेपॉड या अत्यंत चपळ सूक्ष्म कवचधारी प्राण्यांची शिकार करतो. त्याच्या डोक्याच्या विशिष्ट आकारामुळे तोंडापुढील पाणी फारसे ढवळले जात नाही व भक्ष्याला चाहूल लागत नाही, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. संथ पाण्यात त्याचे सुमारे ९० टक्के हल्ले यशस्वी ठरले. मत्स्यालयातील पाणी संथ ठेवण्यामागे हेही एक कारण आहे.

टाकी व पाणी

इतर सागरी माशांसाठी शक्य तितकी मोठी टाकी योग्य मानली जाते. लघु समुद्रघोडा मात्र अन्नाच्या शोधात दूर जात नाही. मोठ्या टाकीत सोडलेले सूक्ष्म अन्न विखुरले जाते आणि मासा उपाशी राहतो. म्हणून टाकी मुद्दाम लहान ठेवतात.

समुद्राच्या पाण्यात दर लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. २० लिटरच्या टाकीसाठी हे प्रमाण सुमारे ७०० ग्रॅम होते. स्वयंपाकाचे मीठ यासाठी चालत नाही. ते जवळजवळ केवळ सोडियम क्लोराइड असते. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट व बायकार्बोनेट हे घटकही असतात. त्यामुळे मत्स्यालयासाठी तयार केलेले कृत्रिम सागरी मीठ शुद्ध पाण्यात विरघळवितात. पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १.०२० ते १.०२५, तापमान २० ते २५ अंश सेल्सिअस आणि सामू ८.० ते ८.४ या मर्यादेत ठेवला जातो.

बाष्पीभवनात केवळ पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. म्हणून पातळी कमी झाल्यावर टाकीत गोडे पाणीच घालावे लागते. ३५ ग्रॅम लवणतेच्या २० लिटर पाण्यातून एक लिटर पाणी उडाल्यास लवणता लिटरमागे सुमारे ३६.८ ग्रॅम होते. तेवढेच पाणी १०० लिटरच्या टाकीतून उडाल्यास ती केवळ ३५.४ ग्रॅमपर्यंत पोहोचते. लहान टाकीतील धोका या फरकावरून लक्षात येतो.

गाळण व नायट्रोजन चक्र

या टाकीत सहसा हवेच्या पंपावर चालणारी स्पंजाची गाळणी वापरतात. जोरदार प्रवाहाच्या गाळणीत पिले व अन्न दोन्ही ओढले जातात. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या अन्नातून विषारी अमोनिया तयार होतो. स्पंजावर वाढणारे जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर तुलनेने कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जीवाणू पुरेशा संख्येने वाढण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया व नायट्राइट यांचे प्रमाण शून्यावर आल्याशिवाय टाकीत मासे सोडले जात नाहीत. पुढे नायट्रेट कमी राखण्यासाठी ठरावीक काळाने काही पाणी बदलतात. शेपटीने धरण्यासाठी कृत्रिम वनस्पती किंवा सागरी शैवाल लावले जाते.

अन्न

समुद्रघोड्याला दात व जठर नसतात. नळीसारख्या तोंडाने ओढून घेतलेले भक्ष्य आतड्यातून लवकर पुढे सरकते, त्यामुळे त्याला थोडेथोडे पण वारंवार खावे लागते. लघु समुद्रघोडा बहुधा जिवंत, हालणारे अन्नच स्वीकारतो. आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातील कवचधारी प्राण्याची नुकतीच बाहेर पडलेली पिले हे त्याचे मुख्य अन्न होय. ती दिवसातून दोन ते तीन वेळा दिली जातात.

आर्टेमियाची सुप्तावस्थेतील अंडी कोरड्या स्थितीत दीर्घकाळ टिकतात. २८ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या खाऱ्या पाण्यात, हवा व प्रकाश मिळाल्यास ती २४ ते ३६ तासांत फुटतात. पिलांच्या अंगातील पोषक साठा लवकर संपत असल्याने पहिली कात टाकल्यावर, म्हणजे त्यांचे तोंड उघडल्यावर, त्यांना मेदाम्लयुक्त पूरक अन्न खाऊ घालतात व मग ती समुद्रघोड्यांना देतात. त्यामुळे रोज नवी अंडी पाण्यात घालणे हा या मत्स्यालयाच्या दिनक्रमाचा अटळ भाग ठरतो. एक दिवस चुकल्यास दुसऱ्या दिवशी माशांना अन्न उरत नाही.

हायड्रॉइडचा उपद्रव

आर्टेमियावर केवळ समुद्रघोडेच वाढतात असे नाही. शैवाल, खडक किंवा अंड्यांच्या कवचांबरोबर टाकीत शिरलेले हायड्रॉइड हे सूक्ष्म दंशपेशीधारी प्राणीही याच अन्नावर झपाट्याने पसरतात. त्यांचा दंश मोठ्या माशाला फारसा जाणवत नाही. लघु समुद्रघोडा व त्याची पिले मात्र त्याने मरू शकतात. म्हणून आर्टेमियाच्या अंड्यांचे बाह्य कवच रासायनिक प्रक्रियेने काढून टाकतात. उपद्रव झाल्यास फेनबेंडाझोल हे जंतनाशक वापरण्याची पद्धत आहे. त्याने काही गोगलगायी व कृमीही मरतात. याच टाकीत अन्य मासे ठेवणे टाळतात, कारण चपळ मासे समुद्रघोड्यांपूर्वीच अन्न फस्त करतात.

प्रजनन

समुद्रघोड्यांमध्ये गर्भधारणा नराला होते. मादी नराच्या पोटावरील शिशुधानीत अंडी सोडते व तेथेच ती फलित होतात. नर-मादी रोज सकाळी एकत्र येऊन रंग बदलतात व एकमेकांभोवती फिरतात. लघु समुद्रघोड्याच्या नराच्या शिशुधानीत पिले सुमारे १० ते १४ दिवस वाढतात. बाहेर येणारी पिले पूर्णपणे स्वावलंबी असतात. समुद्रघोड्यांच्या अनेक प्रजातींची पिले आर्टेमिया गिळण्याइतकी मोठी नसतात. लघु समुद्रघोड्याची पिले मात्र जन्मल्यापासून तो खाऊ शकतात. त्यामुळे बंदिस्त पैदाशीसाठी ही प्रजाती तुलनेने सोपी समजली जाते. तिचे आयुर्मान सुमारे एक ते दोन वर्षे असते.

समुद्रापासून दूरच्या भागातील परिस्थिती

समुद्रापासून दूर, उष्ण व कोरड्या प्रदेशात लहान सागरी टाकी चालवताना कोणत्या अडचणी येतात, हे पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड या तालुक्यांच्या उदाहरणावरून समजते. शिरूर हे गाव घोड नदीकाठी वसलेले असून घोडनदी या नावानेही ओळखले जाते. दौंड भीमा नदीकाठी आहे. दोन्ही ठिकाणे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, अरबी समुद्रापासून सुमारे दीडशे किलोमीटर वा त्याहून अधिक अंतरावर आहेत. त्यामुळे समुद्राचे पाणी आणणे व्यवहार्य नसते व कृत्रिम मिठावरच भिस्त ठेवावी लागते.

बेसाल्ट खडकातील विहिरी व कूपनलिकांचे पाणी बहुधा जड असते, तर ऊसशेतीच्या पट्ट्यात त्यात खतांमधील नायट्रेट उतरण्याची शक्यता असते. असे पाणी थेट न वापरता आरओ यंत्रातून शुद्ध करून घेणे आवश्यक ठरते. एप्रिल-मे महिन्यांत या भागातील तापमान ४० अंश सेल्सिअसपर्यंत जाते आणि छोटी टाकी काही तासांतच तापते. कोरड्या हवेत पाण्याच्या पृष्ठभागावर पंख्याचा झोत सोडल्यास बाष्पीभवनामुळे तापमान काही अंशांनी उतरते. मात्र त्याच बाष्पीभवनाने लवणता वाढते, म्हणून रोज गोडे पाणी भरावे लागते. हिवाळ्यात रात्री पारा बराच खाली येत असल्याने तापकाची गरज भासते. वीज गेल्यास पंप बंद पडतो व पाण्यातील प्राणवायू घटतो. त्यासाठी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी ठेवतात. बदललेले खारे पाणी शेतात वा नदीत सोडू नये, कारण क्षारांमुळे जमिनीचा कस कमी होतो.

भारतातील कायदेशीर स्थिती

समुद्रघोडे सुकवून पारंपरिक चिनी औषधांसाठी, शोभेच्या वस्तूंसाठी व मत्स्यालयांसाठी विकले जातात. कोळंबीसाठी ओढल्या जाणाऱ्या ट्रॉल जाळ्यांतही ते मोठ्या संख्येने सापडतात. भारताने २००१ साली सिंग्नॅथिडी कुलातील माशांचा समावेश वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या अनुसूची १ मध्ये केला. वाघालाही याच अनुसूचीत संरक्षण आहे. या अनुसूचीतील प्राण्यांविषयीच्या गुन्ह्यासाठी तीन ते सात वर्षांपर्यंत कारावासाची व दंडाची तरतूद आहे. आंतरराष्ट्रीय स्तरावर समुद्रघोड्यांच्या सर्व प्रजाती साइट्स कराराच्या परिशिष्ट २ मध्ये असून ही नोंद मे २००४ पासून लागू झाली. अधिनियमात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने या करारातील प्रजातींचाही कायद्यात अंतर्भाव केला.

सागरी मत्स्यालयाच्या सजावटीत वापरले जाणारे प्रवाळही अनुसूची १ मध्ये आहेत. त्यामुळे भारतीय समुद्रातून काढलेले प्रवाळ किंवा प्रवाळयुक्त ‘जिवंत खडक’ विकत घेणेही बेकायदेशीर आहे.

भारतातील संशोधन

भारतात समुद्रघोड्यांचे संगोपन संशोधन संस्थांमध्ये झाले आहे. गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत हिप्पोकॅम्पस कुडा या पिवळ्या समुद्रघोड्याच्या बंदिस्त पैदाशीवर काम झाले. टाकीच्या पार्श्वभूमीचा रंग व प्रकाश यांचा पिलांच्या वाढीवर होणारा परिणामही तेथील संशोधकांनी अभ्यासला. पिवळा समुद्रघोडा भारताच्या किनाऱ्यावर आढळतो व आकाराने लघु समुद्रघोड्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. बंदिस्त पैदाशीचे तंत्र विकसित झाल्यास नैसर्गिक साठ्यावरील ताण कमी होऊ शकतो, हा अशा संशोधनामागील विचार आहे.

कायदेशीर पर्याय

सागरी मत्स्यालयाचा अभ्यास समुद्रघोड्यांशिवायही करता येतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या काही प्रजातींच्या बंदिस्त पैदाशीचे तंत्र विकसित केले आहे. असे टाकीत जन्मलेले मासे समुद्रातून पकडलेल्या माशांपेक्षा काचेच्या टाकीशी अधिक सहज जुळवून घेतात. त्यांना लघु समुद्रघोड्यांपेक्षा मोठी टाकी लागते. शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेत आर्टेमियाची अंडी उबवणे हा त्याहून सोपा प्रयोग आहे. मुंबईतील वडाळ्याच्या मिठागरांतही या प्राण्याची नोंद झालेली आहे. एक बाटली, मिठाचे पाणी व हवेचा छोटा पंप एवढ्या साहित्यात लवणता, तापमान व प्राणवायू यांचा जीवसृष्टीवरील परिणाम एक-दोन दिवसांत डोळ्यांनी पाहता येतो.